गोडनिंबाची अर्धी पानं

मागच्या श्रावणात शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या त्या तक्रार घेऊनच. “ताई, गोडनिंबाले अळ्या लागल्या वो. अर्धं झाड खाऊन टाकलं. वावरातलं औषध उरलं हाये अर्धी बाटली, मारून देऊ काय?”

मी जाऊन पाहिलं. कोवळ्या शेंड्यावर हिरव्यागार, गुळगुळीत पाच-सहा अळ्या निवांत पानं कुरतडत होत्या. खालच्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके होते. नीट पाहिलं तर तेही हलत होते. त्या त्याच अळ्यांच्या धाकट्या बहिणी. मी म्हटलं, “काकू, औषध राहू द्या. ही फुलपाखरं आहेत.” काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच ताप आला असावा.

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या आवारातली आहे. गोडनिंब, म्हणजेच कढीपत्ता, नाही असं घर वर्धा जिल्ह्यात शोधावं लागेल. आर्वी-आष्टी-कारंज्याकडे तर संत्र्याच्या बागा आहेत, दारी लिंबू आहे. ही सगळी एकाच कुळातली झाडं. लिंबावरचं ते काळं-पिवळं फुलपाखरू आणि त्याचं काळं भावंड, ज्याला इंग्रजीत कॉमन मॉरमॉन म्हणतात, या दोघांची पिल्लं मुख्यतः याच पानांवर वाढतात. मादी पायाने पान चाचपून ओळखते आणि कोवळ्या पानावर एकेक अंडं ठेवते. अळी दोन-तीन आठवडे खाते, कात टाकत मोठी होते, मग कुठल्या तरी काडीला कमरेभोवती धागा बांधून कोष करते. सगळं मिळून साधारण महिन्याचा संसार. हात लावलात तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर काढून घाण वास सोडते, बस. चावत नाही, खाजही आणत नाही.

आपण मात्र फुलपाखरू दिसलं की पोराला कडेवर घेऊन दाखवतो आणि अळी दिसली की झाडूने चिरडतो. शाळेत चौथीच्या पुस्तकात अंडी-अळी-कोष-फुलपाखरू अशी चित्रं आपण सगळ्यांनी काढली. पण तीच अळी आपल्या गोडनिंबावर आहे, हे त्या पुस्तकाने कधी सांगितलं नाही. की सांगितलं होतं आणि आपण परीक्षेपुरतं वाचलं?

हा विषय आज काढण्याला कारण आहे. सध्या परसबागांना बरे दिवस आले आहेत. ‘उमेद’च्या बचत गटांमधून ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम गावोगाव पोहोचली. शाळांमध्ये पोषण आहारासाठी परसबागा करायच्या आहेत, त्यांच्या स्पर्धाही होतात. नवीन लेआऊटमध्ये ओपन स्पेस सुटते आणि तिथे बगीचा व्हावा म्हणून महिला मंडळं अर्ज देतात. फार चांगलं. पण या बागा पाहायला गेलं की एक गोष्ट खटकते. भाजीचे वाफे आखीव, नर्सरीतून आणलेली ड्युरांटाची पिवळी किनार, मध्ये विकतचं लॉन, आणि उरलेल्या जागेवर गट्टू. माती म्हणून दिसत नाही कुठे. मग मे-जूनमध्ये लावलेल्या दोडक्याला, कोहळ्याला फुलं येतात, मागे बोटाएवढं फळ दिसतं, चार दिवसांत पिवळं पडतं आणि गळतं. “खत कमी पडलं” म्हणून आपण युरिया टाकतो.

बऱ्याचदा खत कमी पडलेलं नसतं, पाहुणा आलेला नसतो. कोहळ्याची, कारल्याची, दोडक्याची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. नराचा पराग मादीपर्यंत कोणीतरी न्यावा लागतो, आणि तो वारा नेत नाही. कोहळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, तेवढ्या वेळात मधमाशी आली तर आली. दुधीचं पांढरं फूल उलट संध्याकाळी उमलतं. त्याच्याकडे रात्री मोठाले पतंग येतात, लांब सोंड लावून. आपण त्यांना दिव्यावर आपटणारी किडं म्हणून ओळखतो. पूर्वी आजी सकाळी उठून नर फूल तोडायची आणि मादी फुलावर टेकवायची, तिला पराग हा शब्द माहीत नव्हता. चीनमध्ये सिचुआन प्रांतात नासपतीच्या बागांत माणसं झाडावर चढून कुंचल्याने हेच काम करतात. मजुरी देऊन करून घ्यावं लागतं ते.

वांग्याचं तर आणखी मजेशीर आहे. वांग्याच्या आणि भेदऱ्याच्या फुलात पराग पिठाच्या डबीत भरल्यासारखा कोंडलेला असतो. तो सांडायला फूल थरथरावं लागतं. वाऱ्याने थोडं काम होतं, पण खरं काम करतो तो काळा भुंगा, जो आपल्या छपराच्या बांबूला भोक पाडतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो. फुलाला बिलगून तो असा घूं घूं करतो की पराग त्याच्या पोटावर झडतो. पेटीतल्या मधमाशीला ही विद्या येत नाही. तुमच्या गुलाबाच्या पानांना कुणी कात्रीने गोल-गोल तुकडे कापून नेल्यासारखं दिसतं ना? ती पान कापणारी एकटी माशी, त्या तुकड्यांनी आपल्या पिलांची खोली सजवते. तीच माशी वावरात तुरीच्या फुलांवर फिरते. तुरीला तिची मदत होते, हे शेतकी शास्त्र सांगतं. गुलाबाची चार पानं गेली तर गेली म्हणायची.

2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या जैवविविधतेच्या मंचाने जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा लक्षात आलं की जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त प्रकार थोडेफार तरी अशा प्राण्यांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. गहू-ज्वारी-तांदूळ वाऱ्यावर आणि स्वतःवर भागतात. पोटभर होईल, पण ताटातली भाजी, फळ, तिळाची चटणी यांचं काय? आपल्या पोरींच्या रक्तातलं लोह वाढावं म्हणून परसबाग लावायची आणि तिला फळ धरवणाऱ्यांनाच हाकलायचं, असा हा उलटा हिशेब आहे.

आता औषधाबद्दल. काकूंची ती अर्धी बाटली मला रात्रभर झोपू देत नव्हती. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो. पण कापसावर मारायची तीच बाटली आपल्या घरात तेलाच्या पिंपामागे ठेवलेली असते, आणि आपण ती गोडनिंबावर शिंपडतो, जो उद्या फोडणीत जाणार आहे. पाण्याने धुतलं की गेलं असं वाटतं. काही औषधं झाडाच्या रसातच मुरतात, धुऊन जात नाहीत, फुलाच्या मधातही उतरतात. मग ती मधमाशीही खाते आणि आपली चिंगीही. वावराचं राजकारण आणि अर्थकारण वेगळं आहे, तिथे आपलं म्हणणं किती चालतं हे आपण जाणतो. पण आवार आपलं आहे. तिथे काय शिंपडायचं हे ठरवायला घरातल्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही.

निंबोळी अर्क, दशपर्णी अर्क मारू का, असं काही मैत्रिणी विचारतात. ते माणसाला बरे, पण अळीला अळीच समजतात. फुलपाखराची कोणती आणि घाटेअळी कोणती, हा भेद त्यांना कळत नाही. म्हणून जिथे खरंच गरज आहे त्या वाफ्यावरच, संध्याकाळी, मधमाशा घरी गेल्यावर. आणि शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट हे प्रकरण निराळं, त्यांनी अंगावर चट्टे येतात. पोरं खेळतात तिथले ते खुशाल काढा, फडक्याने हात झाकून. प्रत्येक किड्यावर माया करा असं कुणी म्हणत नाही.

या सगळ्याचं वर्ध्याशी नातं जुनं आहे, आणि ते आपण विसरलो आहोत. 1934 मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्यात. जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं काम चाले. तेलघाणी, हातकागद, गूळ यांच्याबरोबर मधमाशापालनही तिथल्या उद्योगांत होतं. संघाचे कर्तेधर्ते जे. सी. कुमारप्पा तिथेच राहत. तुरुंगात असताना त्यांनी लिहिलेलं ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ 1945 मध्ये आलं. त्यात त्यांनी माणसाच्या अर्थव्यवहाराच्या पायऱ्या प्राण्यांवरून समजावल्या आहेत. माकड बागेत शिरतं, फळं खातं, निघून जातं, बागेला काही देत नाही. मधमाशी फुलातून घेते, पण घेता घेताच फुलाचं काम करून देते. अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान, परदेशात शिकलेला, आणि उदाहरण कुठलं, तर मगनवाडीच्या आवारातलं! मगन संग्रहालय पाहायला पाहुण्यांना घेऊन जाल तेव्हा हे जरूर सांगा.

पुढे दत्तपूरच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने आग्या मोहोळावर काम केलं. आग्या मोहोळाचा मध काढायची जुनी रीत म्हणजे रात्री पलिते लावायचे, माशा जाळायच्या आणि सगळं पोळं पिळून घ्यायचं, त्यातल्या अळ्यांसकट. केंद्राने जंगलातल्या मध काढणाऱ्यांना अंगभर पोशाख घालून फक्त मधाचा भाग कापून घ्यायला शिकवलं. पिलांचा भाग तसाच राहतो, वसाहत जगते, मधही स्वच्छ मिळतो. हे आपल्या जिल्ह्यात झालं आणि आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीला मोहोळ लागलं तेव्हा काय झालं? अर्ज गेला, माणसं आली, पलिता लावला, सकाळी टाकीखाली जळक्या माशांचा सडा. पोरांना माशा चावतील ही भीती खोटी नव्हती, मीही त्या अर्जावर सही केली होती. पण दहा किलोमीटरवर जाणकार असताना त्यांना विचारायचं मला सुचलं नाही, याची आता लाज वाटते.

मग काय करायचं? फुलपाखरांची बाग म्हटलं की लोक नर्सरीत जातात आणि रंगीत फुलांच्या कुंड्या आणतात. फूल म्हणजे फुलपाखराचं हॉटेल. बाळंतपण तिथे होत नाही. बाळंतपणाला माहेरचं झाड लागतं, आणि ती झाडं बहुतेक फुकट मिळतात, निम्मी तर आपण उपटून फेकतो. रुईच्या पानांवर केशरी-काळी फुलपाखरं वाढतात. मारुतीला शनिवारी आपण तिचीच माळ घालतो. तरोट्याची भाजी पावसाळ्यात आपण चवीने खातो, त्याच तरोट्यावर ती छोटी पिवळी फुलपाखरं अंडी घालतात. बहाव्यावर पांढरी-पोपटी. कण्हेरीवर काळपट तपकिरी, तिचा कोष चांदीच्या घंटीसारखा चकचकीत असतो, एकदा पाहाच. सीताफळ आणि रस्त्याकडेच्या उंच अशोकावर हिरव्या ठिपक्यांचं, क्षणभरही न थांबणारं. एरंडी, कोरांटी, कृष्णकमळ, तेंदू, प्रत्येकाचं कोणी ना कोणी आहे. ईश्वरीचा वेल मिळाला तर सोडू नका, गुलाबी अंगाचं काळं फुलपाखरू त्याच्याशिवाय वाढत नाही. ईश्वरी औषधी म्हणतात, पण पोटात घेऊ नका, ती विषारी असते.

आणि एक नाव सांगते, तुम्हाला आवडेल. पिवळ्या पंखांच्या कडेला लाल ठिपक्यांची रांग असलेलं एक फुलपाखरू आहे. मराठीत त्याला ‘हळदीकुंकू’ म्हणतात. त्याची अळी कशावर वाढते ठाऊक आहे? आंब्यावरच्या बांडगुळावर. ज्याला आपण शिवी म्हणून वापरतो त्यावर. आंब्याला ते सुकवतं, तिथलं काढावंच लागतं. पण बांधावरच्या एखाद्या निकामी झाडावर एक झुबका राहिला तर कोणाचं बिघडत नाही. आपल्या राज्याने 2015 मध्ये ‘ब्लू मॉरमॉन’ला, म्हणजे नीलवंताला राज्य फुलपाखरू केलं. असा मान फुलपाखराला देणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. ते सह्याद्रीकडे जास्त दिसतं आणि लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. म्हणजे पुन्हा आपला गोडनिंबाचा गोतावळा. मान दिला, आता पानंही द्यावीत.

मध पिणाऱ्या पाहुण्यांसाठीही फार खर्च नाही. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, झाड भरावं म्हणून. दोन-चार राहू द्या, त्यावर छोट्या मधमाशांची जत्रा भरते. सांभाराचा एक कोपरा न कापता फुलू द्या. अडुळसा, कोरांटी, शेवगा असू द्या. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा, गच्च भरलेल्या मोठ्या झेंडूत माशीला आत शिरायला वाटच नसते. घाणेरी मात्र मुद्दाम लावू नका. तिच्यावर फुलपाखरं दिसतात हे खरं, पण ती परदेशातून आलेली आहे आणि आपल्या रानात पसरून तिने बाकीच्या झुडपांना जागा ठेवलेली नाही.

आणि माती. एकट्या राहणाऱ्या माशांपैकी कितीतरी माशा उघड्या जमिनीत बीळ करतात. सगळीकडे गट्टू बसवले की त्यांचं घर गेलं. पाय चिखलात भरू नयेत म्हणून वाटेपुरते गट्टू हवेतच, सासूबाईंचा पाय घसरला तर कोण बघणार? पण झाडाभोवतालचं आळं आणि कुंपणालगतची हातभर पट्टी उघडी राहू द्या. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा त्या आळ्यात थोडं पाणी सोडा. ओल्या मातीवर फुलपाखरं ओळीने बसून क्षार शोषतात. खिडकीत कुंभारीण मातीचं मडकं करते, तेही लगेच खरवडू नका. ती त्यात पिलांसाठी अळ्या नाहीतर कोळी पकडून भरते. फवाऱ्याचं काम ती फुकट करून देते.

हे एकटीच्या आवारात केलं तर थोडं होईल, गल्लीने केलं तर दिसेल. म्हणून नगर परिषदेकडे आणि ग्रामपंचायतीकडे आपली मागणी स्पष्ट असावी. ओपन स्पेसच्या बगिच्यात निदान कुंपणाची एक बाजू देशी झाडोऱ्याला सोडा, तिथे औषध मारू नका आणि ती दिवाळीपर्यंत कापू नका. आमच्याकडे दरवर्षी गणपतीच्या आधी ‘स्वच्छता’ म्हणून तरोटा, रुई सगळं साफ होतं. नेमकी तेव्हाच फुलपाखरांची गर्दी सुरू झालेली असते. सप्टेंबर महिना तर देशभरातले हौशी लोक 2020 पासून फुलपाखरांचा महिना म्हणून पाळतात, मोजतात, नोंदी करतात. आपण त्याच महिन्यात विळा चालवतो. स्वच्छता म्हणजे कचरा उचलणं, गवत उपटणं नव्हे, हे वॉर्डाच्या सभेत उठून सांगायला आपल्यातलीच कोणी तरी हवी.

पेट्या आणून दिल्या की मधमाशांचं काम झालं, असंही काहींना वाटतं. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावाला 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून मान मिळाला, तिथे घरोघरी पिढ्यांचं ज्ञान आणि भोवती जंगल आहे. आपल्याकडे आधी फुलं हवीत, मग पेटी. शिवाय बऱ्याच पेट्यांतली माशी युरोपातली असते. आपली सातेरी, फुलोरी आणि डंख नसलेली बारीक पोव्याची माशी यांना जागा मिळाली तर त्या स्वतःहून येतात.

आणि शाळा. 1937 च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि हाताने काम करता करता शिकायचं, ही नई तालीमची कल्पना देशापुढे आली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुलं शेतात, बागेत काम करत शिकतात. बाकीच्या शाळांनी निदान एक गोडनिंब आणि एक रुई लावावी. अळी दिसली की मुलांनी रोज वहीत लिहायचं: आज किती लांब, किती पानं खाल्ली, कात कधी टाकली. विज्ञान, गणित, निबंध सगळं एका झाडावर. पोषण आहाराच्या परसबागेचे गुण देताना पानं शाबूत किती याबरोबर अळ्या-फुलपाखरं किती प्रकारची, असाही एक रकाना असावा, असं आम्ही सुचवू.

काकूंनी शेवटी औषध मारलं नाही. अर्धी पानं मात्र गेली आणि महिनाभर फोडणीला त्या माझ्याकडून पानं नेत होत्या. नातवाने एक अळी पानासकट बरणीत ठेवली, वर जाळीचं फडकं बांधलं. कोष झाला तेव्हा तो रोज शाळेतून आल्यावर दप्तर न काढता बरणीपाशी बसायचा. एका सकाळी काकूंनी मला कुंपणावरून हाक मारली. पंख ओले, चुरगळलेले, सुकायला टांगलेले. आम्ही दोघी चहा थंड होईपर्यंत तिथेच उभ्या होतो. या दसऱ्याला गोडनिंबाला पुन्हा दाट पालवी आहे, खालच्या पानांवर पुन्हा ते विष्ठेसारखे ठिपके आहेत. काकूंनी संक्रांतीच्या वाणासाठी त्याच झाडाखालची रोपं पिशव्यांत लावायला घेतली आहेत, एकवीस झाली आहेत आतापर्यंत.